भाऊकाकांची ‘नाही’ची वही

मंडळी, बरेच दिवसांनी इथे लिहायला बसले आहे. विषय डोक्यात होता, पण वही सापडेपर्यंत हात चालत नव्हता. वहीचं सांगतेच, त्याआधी थोडं देवळालीचं.

देवळाली कॅम्पातल्या मुलांना रात्री आकाशाकडे बघायला तोफखान्याने शिकवलं असं मी म्हणते, तेव्हा पुण्याचे लोक हसतात. पण खरंच आहे. स्कूल ऑफ आर्टिलरी इथे आलं, तेव्हापासून बहुल्याच्या बाजूला गोळे पडताहेत. दिवसा खिडक्यांची तावदानं थरथरायची, त्याचं आम्हाला काहीच वाटायचं नाही. मजा असायची रात्रीच्या सरावाची. उजेडाचे गोळे असतात ना, पॅराशूटवाले, ते वर जाऊन एकदम फुटत आणि मग हळूहळू तरंगत, मिणमिणत खाली येत. आम्ही भावंडं गच्चीवर अंथरुणात पडून मोठ्याने आकडे मोजायचो, गोळा विझेपर्यंत. भाऊकाका बाजूला खुर्ची टाकून बसलेले. ते विचारायचे, "कुठून निघाला सांगा?" कुणालाच सांगता यायचं नाही. उजेड पडल्यावर वर बघणाऱ्याला तो उजेडच दिसतो. गोळा निघाला कुठून, केव्हा, हे आधीपासून तिकडे बघत बसलेल्यालाच कळतं. काका जिंकायचे, कारण ते कायमच तिकडे बघत असायचे.

भाऊकाका कँटोन्मेंटमध्ये एका ऑफिसात कारकून होते. जन्म १९३६ चा. दुर्बीण त्यांनी आयुष्यात कधी घेतली नाही, परवडलीही नसती. घरी ‘सृष्टिज्ञान’ मासिक यायचं आणि तारकांचा एक जुना नकाशा होता, एवढीच सामग्री.

२०२२ च्या दिवाळीआधी आम्ही घर आवरायला काढलं तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत त्यांच्या वह्या मिळाल्या. आमच्याकडे सगळे ‘वही’ असंच म्हणतात, आहेत त्या चार. पहिली नोंद १९७६ च्या मार्चमधली. तारीख, वेळ, हवा कशी होती, आणि मग: "मुकुट पाहिला. नाही." पुढच्या ओळीतही तेच. पुढच्या पानावरही तेच. जून ते सप्टेंबर बहुतेक "ढग". दिवाळीनंतर तारखा विरळ, जानेवारी-फेब्रुवारीत पहाटेच्या वेळा, पुन्हा "नाही". शेवटची नोंद २०११ ची, अक्षर बरंच हललेलं. पस्तीस वर्षं एक माणूस आकाशात बघतोय आणि लिहितोय की नाही! धाकट्या भावाने वही चाळून खाली ठेवली आणि म्हणाला, "काकांनी काय पाहिलं हे कळायला मार्ग नाही." मला मात्र ठाऊक होतं.

याचं मूळ १९७५ सालात आहे. त्या वर्षी २९ ऑगस्टला हंस तारकासमूहात एक नवतारा दिसला. जपानच्या मिनोरू होंडांनी तो सर्वांच्या आधी कळवला. मग जगभरातल्या कितीतरी हौशी लोकांनी आपापला ‘शोधला’, कारण तो इतका ठळक होता की हंसाचा आकारच बदलून गेला. एरवी मोठ्या दुर्बिणीलाही न सापडणारा तारा काही दिवसांत दुसऱ्या प्रतीपर्यंत चढला आणि तितक्याच घाईने उतरला. चारेक दिवसांत त्याची तीन प्रती इतकी दीप्ती गेली. आता ऑगस्टअखेरीचं नाशिक डोळ्यांसमोर आणा. हंस संध्याकाळी बरोबर डोक्यावर असतो, आणि त्याच्या आणि आपल्या मध्ये सगळा पावसाळा असतो. काकांनी बातमी पेपरात वाचली ती काही दिवस उशिरा, आणि आकाश उघडलं ते त्याहून उशिरा. ते गच्चीवर गेले तेव्हा पाहुणा निघून गेला होता. ‘पाहुणा’ हा काकूचा शब्द. पुढे ती रोज जेवण वाढताना विचारायची, "आला का हो तुमचा पाहुणा?"

पेपराच्या भरवशावर राहायचं नाही, असं काकांनी तेव्हा ठरवलं असावं. मग पहारा कशावर ठेवायचा? नवतारा कुठे फुटेल ते कुणालाच सांगता येत नाही. पण काही थोडे तारे पुन्हा पुन्हा फुटणारे आहेत. उत्तर मुकुटातला टी कोरोनी बोरिआलिस हा त्यांपैकी एक. एरवी दहाव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांनी कधीच न दिसणारा. तो १८६६ च्या मे महिन्यात दुसऱ्या प्रतीपर्यंत उजळला. आयर्लंडमधल्या जॉन बर्मिंगहॅम नावाच्या हौशी माणसाला घरी परतताना रस्त्यात दिसला. त्यानंतर १९४६ च्या फेब्रुवारीत पुन्हा. मध्ये ऐंशी वर्षं. काकांनी पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने बेरीज केली आहे: १९४६ + ८० = २०२६. त्याखाली: "मी ९०". बस्स. पण तारे काही कॅलेंडर बघून फुटत नाहीत, आधीही फुटेल, या आशेवर वही सुरू झाली.

१९४६ चा किस्सा काका आम्हाला रामायणातल्यासारखा रंगवून सांगत. अमेरिकेत ओहायोमध्ये लेस्ली पेल्टिअर नावाचा शेतकरी कुटुंबातला माणूस होता, रूपविकारी ताऱ्यांचा निष्णात निरीक्षक. तो या ताऱ्यावर पंचवीसेक वर्षं नजर ठेवून होता. फेब्रुवारीतल्या एका पहाटे गजर झाला, पेल्टिअर उठला, सर्दी होणार असं वाटलं, थंडी होती, म्हणून परत पांघरुणात शिरला. नेमका त्या रात्री तारा फुटला. पंचवीस वर्षांत एक रात्र चुकली आणि तीच! हे ऐकल्यावर आम्हा मुलांना पहाटे उठवणं काकांना सोपं जायचं :)

इथे जरा विषयांतर. देवळालीचं नाव इंग्रजीत एका शब्दात अडकून राहिलंय, ‘डूलॅली’. डोकं फिरलेला. मायदेशी परतणारे गोरे सैनिक इथल्या कॅम्पात जहाजाची वाट बघत पडून राहायचे. जहाजं सुटायची हिवाळ्यात. उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्या माणसाने मग महिनोन् महिने काय करायचं? काम नाही, ऊन मरणाचं, माणसं भ्रमिष्ट व्हायची म्हणे. त्याला म्हणायचे ‘डूलॅली टॅप’, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. बाबा काकांना चिडवायचे की तुला देवळालीचा ताप चढलाय. वाट बघण्याने माणूस वेडा होतो की वाट बघताना हाताला काही नसल्याने, हा प्रश्न मला मोठेपणी पडला. काकांच्या हाताला निदान वही होती.

काकांचं दैवत मात्र पेल्टिअर नव्हता. ते होते राधागोविंद चंद्र. हे नाव आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. बंगालमध्ये जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी मोजून पारखायची नोकरी. परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला माणूस. १९१२ साली पदरमोड करून तीन इंची दुर्बीण विलायतेहून मागवली. १९१८ च्या जूनमध्ये गरुड तारकासमूहात मोठा नवतारा उगवला, तो या खजिन्यातल्या कारकुनाने स्वतंत्रपणे टिपला आणि आपली निरीक्षणं हार्वर्डच्या पिकरिंगना टपालाने पाठवली. पत्र बोटीने जाणार, उत्तर बोटीने येणार. त्यातून ते अमेरिकेतल्या रूपविकारी तारे बघणाऱ्यांच्या संघटनेचे सभासद झाले. १९११ साली स्थापन झालेली ही संघटना. काम काय, तर ताऱ्याची दीप्ती शेजारच्या दोन माहीत असलेल्या ताऱ्यांच्या मध्ये बसवायची, आकडा लिहायचा, महिन्याच्या शेवटी कागद पाठवायचे. चंद्रांनी १९१९ पासून पस्तीस वर्षांत सदतीस हजारांच्या वर नोंदी पाठवल्या. संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवून दिली. म्हातारपणी त्यांनी ती परत केली, तेव्हा ती वेणू बाप्पूंकडे गेली आणि अखेर कावलूरच्या वेधशाळेत पोचली. बाप्पू स्वतःही हैदराबादला विद्यार्थी असताना रूपविकारी ताऱ्यांच्या मागे लागलेले होते. म्हणजे भारताच्या आधुनिक खगोलशास्त्राच्या घरात एक दार हौशी लोकांच्या गच्चीवरून उघडतं.

आता खरी गोष्ट. इतकं होऊनही मला काकांच्या वहीचं मनातून हसू यायचं. "नाही" लिहून काय मिळतं? ते कळलं नाशिक-पुणे रस्त्यावर.

हा रस्ता तुम्हा सगळ्यांच्या पायाखालचा. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव. नारायणगाव म्हटलं की कुणाला तमाशाच्या राहुट्या आठवतील, कुणाला मिसळ. हवा स्वच्छ असली की त्या पट्ट्यात लांबवर पांढऱ्या तबकड्या दिसतात. खोडदच्या जीएमआरटीच्या त्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या माणसांनी नव्वदच्या दशकात उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरवर पसरलेल्या. आपल्याला एस.टी.च्या खिडकीतून त्या नेहमी वेगळ्याच दिशेला वळलेल्या दिसायच्या. कशाकडे बघताहेत, असा प्रश्न मला लहान मुलांसारखा पडायचा. एकदाचं त्याचं उत्तर मिळालं, निदान २००६ सालापुरतं.

भुजंगधारी समूहात आरएस ओफियुकी नावाचा असाच पुनःपुन्हा फुटणारा तारा आहे. एक तांबडा राक्षसी तारा आणि त्याला चिकटून फिरणारा श्वेतबटू. राक्षसाकडून ओघळणारा वायू बटूवर साचतो, साचत साचत एक दिवस अणुभट्टीसारखा पेटतो. १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५ असे त्याचे स्फोट नोंदलेले. २००६ च्या १३ फेब्रुवारीला जपानमध्ये पहाट व्हायला आली होती तेव्हा हिरोआकी नारुमी या हौशी निरीक्षकाला तो साडेचारच्या प्रतीचा दिसला, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका. त्या क्षणी आपल्याकडे रात्रीचा दीड वाजायचा होता आणि भुजंगधारी अजून उगवायचा होता. बातमी पसरली. अबूच्या वेधशाळेने सुरुवातीच्या दिवसांतच त्याचे अवरक्त वेध घ्यायला घेतले. आणि खोडदच्या तबकड्याही तिकडे वळल्या.

पुण्याच्या एनसीआरएच्या निमिषा कंठारिया, बंगळुरूच्या अनुपमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्फोटानंतर २० व्या दिवशी ६१० मेगाहर्ट्झवर आणि ३८ व्या दिवशी ३२५ मेगाहर्ट्झवर या ताऱ्याच्या लहरी मिळाल्या. इतक्या कमी कंप्रतेवर या ताऱ्याचा स्फोट ‘ऐकला’ गेल्याची ही पहिलीच वेळ. आणि आता मला थांबवणारी गोष्ट. हा निष्कर्ष उभा राहिला तो १९८५ च्या एका "नाही"वर. त्या स्फोटाच्या वेळी ३२७ मेगाहर्ट्झवर ६६ व्या दिवशीसुद्धा काहीच मिळालं नव्हतं, आणि तसं कुणीतरी लिहून ठेवलं होतं. तेव्हा नाही, आता आहे, तर मध्ये काय बदललं? राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्याचा जो पडदा स्फोटाभोवती असतो, तो २००६ मध्ये १९८५ च्या मानाने तीस टक्केच दाट असावा, असं त्यांनी मांडलं. वीस वर्षांपूर्वीचं "काही मिळालं नाही" लिहिलेलं नसतं तर २००६ चं "मिळालं" अर्धं मुकं राहिलं असतं.

याच ताऱ्याचं आणखी एक आहे. १९४५ मध्येही तो फुटला असावा असं मानतात, आणि तो फुटताना बघितलेला एकही माणूस नाही. तारा तेव्हा सूर्याआड होता. स्फोटानंतर तो काही महिने नेहमीपेक्षा मंद राहतो, तसा खड्डा हौशी लोकांच्या जुन्या नोंदींत सापडला, तोही जवळजवळ पन्नास वर्षांनी. ज्यांनी त्या नोंदी केल्या त्यांना वाटलं असेल, आज काही विशेष नाही, झोपा.

खोडदच्या तबकड्यांना हौशी लोकांनी कामाला लावल्याची ही एकच गोष्ट नाही. १९९३ च्या मार्चमध्ये एम ८१ दीर्घिकेतला अतिनवतारा स्पेनच्या फ्रान्सिस्को गार्सियाला दिसला, तेव्हा खोडदचं काम पुरं व्हायचं होतं. काही वर्षांनी, तबकड्या चालू झाल्यावर, टीआयएफआरच्या पूनम चंद्रा आणि अलक रे यांनी त्याच अतिनवताऱ्याच्या विझत चाललेल्या रेडिओ लहरी टिपून त्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा हिशेब मांडला. पण तो मोठा विषय आहे, पुन्हा कधीतरी.

आरएस ओफियुकीची पुढची पाळी मी जागेपणी चुकवली. ८ ऑगस्ट २०२१, दिव्यांची अवस. सकाळी पाटावर दिवे मांडून पूजा केली, संध्याकाळी गच्चीवर जाऊन बघितलं तर नेहमीचं आषाढी आभाळ, एक तारा नाही. उजाडलं की श्रावणी सोमवार. त्या रात्री, आपल्याकडे पहाटेचे चार वाजत आले असताना, आयर्लंडमध्ये कीथ गिअरी या हौशी निरीक्षकाला तो उजळलेला दिसला. लगेचच नामिबियातल्या हेस दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या आणि नवताऱ्यातून येणारे अतितीव्र गॅमा किरण त्यांना मिळाले. तोवर असे किरण कुठल्याच नवताऱ्यातून मिळाले नव्हते. मी आठवडाभर रात्री दोनदा उठले. ढग. काकांच्या वहीतल्या १९७५ च्या ऑगस्टची आठवण तेव्हा नव्हती, कारण वही सापडायची होती, पण नंतर वाचताना मला कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं झालं.

तर वहीबद्दल माझं मत काय? काका मला प्रिय होते म्हणून गोड बोलणार नाही. त्यांच्या दोन हजारांवर नोंदी शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ वाया गेल्या. त्यांनी त्या कुणालाही पाठवल्या नाहीत. चंद्रांचा आणि त्यांचा पगार, दुर्बिणीची ऐपत, डोळे, चिकाटी यांत काही थोर अंतर असेल असं मला वाटत नाही. अंतर होतं ते पोस्टाच्या तिकिटाचं. पुण्याला ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. एक कार्ड टाकलं असतं तरी त्यांना रस्ता मिळाला असता. का नाही टाकलं? काकूला विचारलं तर म्हणाली, "त्यांना वाटायचं, आपण काय पाठवणार. दिसल्यावर पाठवू." दिसल्यावर! "नाही" हीच बातमी आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. तारा फुटला की शास्त्रज्ञ आधी विचारतात, शेवटचा नव्हता केव्हा? रात्री नऊला नव्हता आणि अकराला आहे, या दोन वाक्यांमध्ये स्फोटाची वेळ पकडली जाते. काकांना हे उजेडाच्या गोळ्यांच्या बाबतीत पक्कं कळलेलं होतं.

२०२४ साली एकदम गाजावाजा झाला, की टी कोरोनी बोरिआलिस मंदावतोय, १९४६ च्या आधी मंदावला होता तसाच, सप्टेंबरपर्यंत फुटेल. पेपरात सुद्धा आलं. मी मार्चपासून रोज रात्री गच्चीवर जायला लागले. तंत्र काकांचंच, मुकुटातला सर्वांत ठळक तारा पकडायचा आणि त्याच्या जवळपास त्याच्या तोडीचा दुसरा आहे का बघायचं. फरक एवढाच की माझ्या "नाही" मी पाठवायला लागले, अमुक प्रतीपेक्षा मंद, अशी नोंद करून. जून उजाडला आणि माझ्या पोटात गोळा आला. आता चार महिने ढग. काकांनी पस्तीस वर्षं या चार महिन्यांपुढे हात टेकले होते.

मग मी आपल्या घरच्या ग्रुपवर पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या. ज्यांना तो मेसेज आठवत असेल त्यांनी मला तेव्हा वेड्यातच काढलं होतं (देवळालीचा ताप, दुसरं काय). न्यू जर्सीची भाची, मेलबर्नचा पुतण्या, दुबईचा मावसभाऊ. मेलबर्नला तो तारा उत्तरेला खालीच दिसतो, न्यू जर्सीत दिव्यांचा झगमगाट, पण दुसऱ्या प्रतीचा तारा असल्या दिव्यांना भीत नाही. दुबईला जुलैत आभाळ निरभ्र आणि मुकुट चांगला उंच. मावसभावाला मुकुट ओळखायला तीन रात्री लागल्या. स्वाती दाखवला, मग तिथून सरकत ये म्हटलं.

जुलैमधल्या एका रात्री इथे पाऊस कोसळत होता. लाइट गेलेले. अकराच्या पुढे फोन वाजला, त्याचा मेसेज: "ताई, पाहिला. नाही."

मी मेणबत्ती लावली, काकांची चौथी वही काढली. २०११ नंतरची पानं कोरीच होती. तारखेपुढे लिहिलं, दुबई, रात्रीचे साडेनऊ, आकाश स्वच्छ. नाही.